नन्नामामांचा होकार

"पोकळ आहे."

नन्नामामांनी थापीच्या मुठीने गिलाव्यावर पुन्हा दोनदा ठोकलं, कान भिंतीला लावला आणि खडूने एक वेडावाकडा गोल काढला. शिडीखाली उभ्या असलेल्या ठेकेदाराने कपाळावर हात मारून घेतला.

"मामा, सकाळपासून हा सातवा गोल. अहो, शाळेची भिंत आहे, राजवाड्याची नाही."

"राजवाड्याची असती तर सोडलं असतं. राजाला दुसरी बांधता येते."

"पण सभेत या भिंतीला तुम्हीच विरोध केला होतात ना?"

"केला होता. म्हणून तर शिडीवर मी आहे. एवढा गिलावा खरवडून काढ, उद्या परत येतो."

ठेकेदाराने खरवडायला गड्याला हाक मारली. त्याला गावची रीत ठाऊक होती.

ही रीत पडली त्याला बावीस वर्षं झाली. मामा तेव्हा नगरपालिकेवर नुकतेच निवडून आले होते. धंद्याने गवंडी, शिक्षण बेताचं, पण हाती आलेला कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड. पहिल्याच सभेत चार ठराव आले आणि मामा चारही ठरावांना नाही म्हणाले. ओढ्यावरच्या पुलालासुद्धा. तेव्हाचे अध्यक्ष भडकले. "एवढा कुणावरच विश्वास नाही ना तुमचा? मग काम होईपर्यंत खुर्ची टाकून बसा तिथे!" अध्यक्ष रागाच्या भरात बोलून गेले, पण दुसऱ्या दिवशी मामा खरोखरच घरची खुर्ची घेऊन ओढ्यावर हजर झाले. पूल दोन महिने उशिरा झाला. त्यावरून आजही भरलेले ट्रक जातात आणि त्याला केसाएवढाही तडा नाही.

तेव्हापासून ठरूनच गेलं, ज्याचा विरोध त्याची देखरेख. ठराव मंजूर झाला की कारकून विचारायचा, "विरोध कुणाचा?" आणि जे नाव यायचं तेच देखरेखीच्या रकान्यात लिहायचा. बावीस वर्षं त्या रकान्यात एकच नाव होतं. गावातले दिवे, गटारं, दवाखान्याचा जिना, बाजाराचं छप्पर, ज्या ज्या गोष्टीला मामांनी विरोध केला ती ती गोष्ट उभी राहिली आणि टिकली. नन्नाचा पाढा वाचणारा म्हणून लोकांनी नाव ठेवलं नन्नामामा. त्यातलं मामा हे त्यांच्या घरी वाढलेल्या भाच्याचं. तो त्यांना मामा म्हणायचा म्हणून सगळं गाव म्हणायला लागलं.

मामांना नव्याचं वावडं होतं असं लोक म्हणत, पण ते काही खरं नव्हे. त्यांचा हिशेब गवंड्याचा होता. जुन्या भिंतीत वाकडा दगड दिसला तर आधी त्याच्यावर काय टेकलंय ते बघावं, मग हात लावावा. आणि कारभार अशाच माणसाच्या हाती द्यावा, जो चुकला तर संध्याकाळी बाजारात आपल्याला भेटेल. एवढ्या दोन गोष्टींवर त्यांनी आयुष्य काढलं. ज्या काळी पक्षाच्या सभांना माणसांपेक्षा खुर्च्या जास्त असत, त्या काळापासून ते पक्षात होते. पक्षाच्या कचेरीच्या भिंतीवर 'गावचा कारभार गावात' ही अक्षरं त्यांनी स्वतः रंगवली होती. त्या वेळी रंगाचा डबा धरून उभा होता तो भाचा.

तोच भाचा आता आमदार होता. पक्षाची राज्यात सत्ता आली होती. आणि शाळेच्या फाटकाशी जी पांढरी गाडी येऊन थांबली, ती त्याचीच होती.

"मामा, उतरा आता. घरी जाऊ," तो गाडीतून उतरत म्हणाला. "तीन वाजता सभा आहे. त्याच्या आधी तुमच्याशी बोलायचंय."

घराच्या जिन्यात मामी भेटल्या. वरच्या मजल्यावर पाणी चढत नसे. गावची टाकी तळाशी गळत होती, एक दिवसाआड तासभर पाणी यायचं, तेही खालच्या नळाला. मामी एकेका पायरीवर बादली टेकवत, गुडघा धरत चढत होत्या. भाच्याने पुढे होऊन त्यांच्या हातातली बादली घेतली.

"राहू दे रे, कपडे भिजतील. आमदार ना तू?"

"मामी, पायऱ्या किती आहेत?"

"बावीस. दुखायला लागलं तेव्हापासून मोजते."

घरात बसल्यावर भाच्याने पिशवीतून योजनेचे कागद काढले नाहीत. मामांनी ते रविवारीच वाचले होते हे तो जाणून होता. गावाला नवी मोठी टाकी, नवे पाइप, दोन नवे पंप. सगळं राज्याच्या जलमंडळाकडून, गावाला एक पैशाचा भार नाही. बदल्यात पाण्याचा सगळा कारभार मंडळाकडे. योजना राज्यभर लागू व्हायची होती आणि सुरुवातीला घेतलेल्या गावांत भाच्याने आपलं गाव पहिलं दिलं होतं. अट एकच होती, ठराव एकमताने हवा.

"मामीचा गुडघा बघितलात ना?" भाचा म्हणाला. "गेल्या वर्षी पंपाची मोटर जळली तर तीन आठवडे लागले. मंडळाकडे अभियंते आहेत, सुटे भाग आहेत. तिथे राजधानीत बसल्यावर कळतं मामा, किती गावं नुसती हात पसरून येतात."

"हात पसरायला लावलं कुणी? कर तुम्ही नेता, मग आम्ही हात पसरतो." मामा शांतपणे म्हणाले. "बरं, ते सोड. आपण कचेरीच्या भिंतीवर काय लिहिलं होतं?"

"तेव्हा आपण विरोधात होतो."

"म्हणजे गावचा कारभार गावात, पण आपली सत्ता येईपर्यंतच?"

भाच्याला उत्तर सुचलं नाही. तो लबाड नव्हता. लबाड असता तर त्याला दहा उत्तरं सुचली असती.

"राजधानीत हसतात मला," तो शेवटी म्हणाला. "म्हणतात, आधी तुझ्या मामाला पटवून दाखव, मग राज्याला सांग. ही योजना माझी आहे मामा. माझंच गाव नाही म्हणालं तर माझ्याकडे पुन्हा कुणी काही देणार नाही." मग थांबून, अगदी हळू, "मी तुमच्याकडे कधी काही मागितलं नाही."

हे खरं होतं आणि मामांना ते फार जुनं दुखणं होतं. बहीण गेली तेव्हा हा सहा वर्षांचा होता. या घरात आला तो पाहुण्यासारखा. दुसऱ्याच्या घरी वाढलेलं पोर मागत नाही. एकदा बूट लहान झाले तर याने चार महिने तसेच घातले. पायाला फोड आलेले मामींना दिसले तेव्हा कळलं. त्या रात्री मामा रडले होते. याने एकदा तरी हट्ट करावा, पाय आपटावेत, म्हणून त्यांनी किती वाट बघितली. पोर शिकलं, मोठं झालं, आमदार झालं, पण मागितलं कधी नाही. आज चाळिशी ओलांडल्यावर मागत होतं.

"बरं," मामा म्हणाले. "मी नाही म्हणणार नाही."

"मंजूर म्हणाल?"

"म्हणेन. शब्द दिला."

भाचा उठला, पाया पडल्यासारखं वाकला आणि गावात चार जणांना भेटून येतो म्हणून गेला. जाताना म्हणाला, "मामी, संध्याकाळी जेवूनच निघतो."

मामी दाराशी उभ्या होत्या. "माझ्या गुडघ्यासाठी कबूल झालात का हो?"

"नाही."

"मग ठीक. माझ्या नावावर घालू नका." त्या थोडं थांबल्या. "पाणी मला हवंय, खोटं कशाला बोलू. पण तुम्ही हो म्हणालात ते ऐकून कसंतरीच झालं."

सभेला अकराच्या अकरा सदस्य हजर होते. अध्यक्ष, म्हणजे औषधांच्या दुकानाचे मालक, खुशीत होते. त्यांच्या शेजारी पाहुणा म्हणून भाचा बसला होता. ठराव बारा पानी होता. अध्यक्षांनी त्यातलं पहिलं पान वाचलं, टाकीचा आकार सांगितला आणि म्हणाले, "बाकी सगळं आपल्याला माहीतच आहे."

ते कुणालाही माहीत नव्हतं. मामांनी मान खाली घातली. नववं कलम त्यांना तोंडपाठ होतं. ते आत्ता उठून नुसतं वाचून दाखवता आलं असतं. शब्द तर फक्त मताचा दिला होता. पण भाच्याला एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्या हाताने काढून घ्यायचं, ही हातचलाखी त्यांच्याने झाली नसती. त्यांनी दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले.

कारकुनाने एकेकाला विचारायला सुरुवात केली. लाकडाच्या वखारीचे मालक म्हणाले, "मंजूर," आणि मामांकडे बघून हसले. निवृत्त मास्तर म्हणाले, "मंजूर. पुढचं मामा बघतीलच." टेलरताई चार वर्षांपूर्वी निवडून आलेल्या. दुकान बंद ठेवून सभेला यावं लागतं म्हणून त्या सभेतच शर्टांना बटणं लावत. त्यांनी मान वरही न करता मंजूर म्हटलं. दहा जणांचं मंजूर झालं. मामांची पाळी नेहमी शेवटी असे.

"मामा?" कारकुनाने विचारलं. सवयीने त्याने 'नाही' आधीच लिहूनही टाकलं होतं.

"मंजूर."

कारकुनाचं पेन तसंच राहिलं. "काय म्हणालात?"

"मंजूर लिही."

टेलरताईंची सुई कापडात अडकली. वखारवाले खुर्चीत सरळ झाले. कारकुनाने 'नाही' खोडलं, त्यावर 'मंजूर' लिहिलं, आणि पुढच्या रकान्याशी येऊन पुन्हा अडला.

"मग देखरेख कुणाची लिहू? विरोध कुणाचाच नाही."

"देखरेख मंडळाची," भाचा म्हणाला.

"मंडळातल्या कुणाची? माणसाचं नाव लागतं साहेब इथे."

"माणूस नाही हो. मंडळ."

कारकून रकान्याकडे बघत राहिला. टेलरताईंनी शर्ट मांडीवर ठेवला.

"मामा, तुम्ही वाचलंत ना हे सगळं?"

"वाचलं."

"मग बरंच असेल ना?"

मामांनी टेबलावरच्या कागदाकडे बघितलं. ताईंनी पुन्हा विचारलं तेव्हा म्हणाले, "ते मला विचारू नकोस गं. कागद टेबलावर आहे."

ताई उठल्या, अध्यक्षांच्या पुढ्यातला कागद घेतला आणि उभ्यानेच वाचू लागल्या. आधी मनात, मग मोठ्याने. नवव्या कलमाशी आल्यावर त्यांचा आवाज हळू झाला. टाकी, विहीर, पंपघर आणि गावातले सगळे पाइप तीस वर्षांसाठी मंडळाच्या ताब्यात. पालिकेच्या सदस्याला तिथे पाहणीचा अधिकार नाही. तक्रार मुख्य कचेरीत नोंदवावी.

"विहीरसुद्धा?" वखारवाले म्हणाले. "ती तर माझ्या आजोबांच्या वेळची. गावाने स्वतः खणलेली."

"पाणी आलं नाही तर विचारायचं कुणाला साहेब?" ताईंनी भाच्याला विचारलं.

"फोन नंबर आहे. चोवीस तास."

"उचलतं कोण?"

"राजधानीत केंद्र आहे."

"त्यांना आमची गल्ली कुठली ते माहीत असेल?"

भाच्याने क्षणभर मामांकडे बघितलं. मामा जमिनीकडे बघत होते. "नाही," तो म्हणाला. "नसेल माहीत."

"अध्यक्ष, सही झाली का?" ताईंनी विचारलं.

"पेन उघडलंय फक्त."

"मग बंद करा. माझं 'नाही' लिहा." ताईंचा चेहरा लाल झाला होता. "सांगायला लाज वाटते, पण चार वर्षांत मी एकही ठराव वाचलेला नाही. मामा वाचतात, मामा नाही म्हणतात, मामाच शिडीवर चढतात. आपण मंजूर म्हणायचं आणि घरी जायचं. उद्या मामा नसले तर काय करायचं आपण?"

"मी आहे अजून," मामा पुटपुटले. कुणीतरी हसलं, पण ते हसू पुढे गेलं नाही.

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. आयुष्यभर पोरांना धडा वाचून या, वाचून या म्हणत आलो, असं काहीसं ते म्हणाले आणि आपलंही मत नाही म्हणून लिहायला सांगितलं. मग वखारवाले. मग एकेक करत बाकीचे. जुनी टाकी खालून नव्याने बांधून काढायची, मंडळाकडून पंप मिळाला तर घ्यायचा पण किल्ली आपल्याकडे ठेवायची, अशी बोलणी आपोआप सुरू झाली. अध्यक्षांनी भाच्याकडे पाहून हात जोडले आणि त्यांनीही आपलं 'नाही' लिहायला सांगितलं. कारकुनाच्या कागदावर इतकी खाडाखोड झाली की त्याने नवा कागद घेतला.

"मामा, तुमचं?" त्याने विचारलं.

सगळे मामांकडे बघू लागले. ज्या एका गोष्टीसाठी ते आयुष्यभर भांडले ती आज न भांडता त्यांच्या पुढ्यात आली होती. नुसता एक शब्द उच्चारायचा होता, आणि तो तर त्यांच्या जिभेवरच राहायला होता.

"माझं मंजूर आहे," मामा म्हणाले. "तेच राहू दे."

"अहो पण मामा, आता त्याचा काही उपयोग—"

"लिही."

कारकुनाने लिहिलं. दहा 'नाही', एक 'मंजूर'. मामांनी त्याखाली सही केली, नेहमीसारखी, पूर्ण नावाची.

बाहेर भाचा गाडीला टेकून उभा होता. ड्रायव्हरला त्याने लांब पाठवलं होतं.

"तुम्ही शिकवलंत का तिला?" त्याने विचारलं.

"नाही रे. बावीस वर्षांत मी कुणाला काहीच शिकवलं नाही. सगळं स्वतःच करत बसलो. चुकलंच ते."

भाच्याने मान डोलावली. मामा खोटं बोलत नाहीत एवढं त्याला लहानपणापासून माहीत होतं.

"मामा, तुम्ही नाही म्हणाला असतात ना, तर मला कमी लागलं असतं. राजधानीत जाऊन सांगितलं असतं, काय करणार, माझा मामाच तसा आहे. हसले असते सगळे आणि विसरले असते." तो गाडीपासून सरळ झाला. "आता गाव नाही म्हणालं. आता काय सांगू मी?"

मामांना हे सुचलंच नव्हतं. ते त्याच्या खांद्यावर हात ठेवायला गेले; पण गिलाव्याची धूळ अजून बोटांवर होती आणि शर्ट पांढरा होता. हात मध्येच राहिला.

"खरं ते सांग," ते म्हणाले. "विचारलं आणि नाही म्हणाले, असं सांग. विचारलंस तरी तू. बाकीचे विचारतही नाहीत."

भाच्याने ड्रायव्हरला हाक मारली आणि गाडीत बसला. गाडी ओढ्यावरच्या पुलावरून पलीकडे गेली. मामा ती दिसेनाशी होईपर्यंत उभे राहिले, मग घराकडे वळले.

मामींनी स्वयंपाक करून ठेवला होता. ताटं तीन मांडली होती. मामांना एकट्याला आलेलं बघून त्यांनी दाराबाहेर वाकून पाहिलं.

"काय झालं?"

"मी मंजूर म्हणालो."

"मग?"

"गाव नाही म्हणालं."

मामी खाली बसल्या. गुडघ्यावर हात फिरवत त्यांनी सगळं ऐकून घेतलं, टेलरताईंचं, मास्तरांचं, रकान्याचं. टाकीचं काय होणार ते विचारलं नाही. ऐकून झाल्यावर एवढंच म्हणाल्या, "त्याला जेवायला तरी थांबवायचंत."

"थांबला नसता."

"तुम्ही म्हणालात का पण, थांब म्हणून?"

मामांनी म्हटलं नव्हतं. ते हात धुवायला गेले. बादलीतलं पाणी तांब्याने थोडं थोडं घेत त्यांनी बोटांवरची धूळ चोळून काढली. आतून मामींचा आवाज येत होता. त्यांनी फोन लावला होता.

"कुठवर पोचलास रे?... काही खाल्लंस का?... नाही, मी त्यातलं काही विचारत नाही. जेवलास का एवढंच विचारते." मग त्या बराच वेळ नुसतं ऐकत राहिल्या. डोळे पुसले. उठून मोरीपाशी आल्या आणि फोन मामांपुढे धरला.

मामांनी हात पंचाला पुसले आणि फोन कानाला लावला. पलीकडून गाडीचा आवाज येत होता आणि त्यात मधूनमधून एक श्वास. भाचा काही बोलत नव्हता. मामाही तसेच मोरीच्या दगडावर बसले. गाडी पुढे पुढे जात राहिली, आवाज मध्येच क्षीण व्हायचा, पुन्हा यायचा, आणि फोन दोघांनीही ठेवला नाही.